खाडा गेला कुठे?

मेसमध्ये जेवणारा माणूस जगातली कुठलीही गोष्ट विसरू शकतो, पण आपला खाडा कधी विसरत नाही. ओरलला सरांनी काल काय विचारलं ते आठवणार नाही, पण "14 ते 19 मी घरी होतो, सहा दिवसांचे पैसे कापा" हे मात्र तोंडपाठ असतं. तर गेल्या वर्षी आम्ही तिघांनी (तिघेही टी.ई. कॉम्प्युटर, म्हणजे आत्मविश्वास भरपूर) अख्ख्या मेसचा तीन आठवड्यांचा खाडा एका झटक्यात गायब करून दाखवला. त्या निमित्ताने ब्राउझर आपल्या पोटात माहिती कशी ठेवतो, किती दिवस ठेवतो आणि केव्हा बाहेर फेकतो, याचा आम्हाला जो नाइलाजाने अभ्यास करावा लागला तो इथे मांडतोय. सिलॅबसमध्ये हे नाही, पण प्रोजेक्टमध्ये हमखास उपयोगी पडेल.

आधी प्रसंग सांगतो. आपली मेस तळघरात. वायफाय जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत येतो, मोबाइलची रेंज फक्त खिडकीपाशी, तीही पोळ्यांची परात बाजूला सरकवली तर. पूर्वी खाडा वहीत लिहायचो. वहीवर आमटी सांडायची, पानं सुटायची, आणि मागच्या तारखेचा खाडा हळूच घुसडणारे महाभाग प्रत्येक बॅचमध्ये असतातच. म्हणून आम्ही एक वेब पान बनवलं. काउंटरवर सेक्रेटरीचा जुना अँड्रॉइड फोन ठेवायचा, वर वायफायमध्ये पान उघडून तो खाली आणायचा, नोंदी फोनच्या ब्राउझरमध्येच साठत राहतील, आणि महिनाअखेरीला वर जाऊन एकदम सर्व्हरला पाठवायच्या. डेमोला सगळे खूश. मेसचे काका सोडून. ते म्हणाले, "पोरांनो, दिसत नाही ती वही कसली?" आम्ही हसलो.

23 तारखेला फोन 'स्टोरेज फुल' म्हणून कुरकुरायला लागला. सेक्रेटरीच्या रूममेटने मदत करावी म्हणून ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन दिसेल त्या चौकोनावर टिक मारली आणि क्लिअर केलं. फोन हलका झाला. 164 मुलांचा हिशेबही हलका झाला!

काकांनी मात्र स्वतःची वही बंद केली नव्हती. पण त्यांच्या वहीत रोज किती ताटं झाली एवढाच आकडा. म्हणजे एकूण खाडा किती झाला ते काढता येत होतं, कोणाचा किती ते नाही. मग बोर्डावर कागद लावला, ज्याने त्याने आपापला खाडा प्रामाणिकपणे लिहावा. बेरीज आली 312 दिवस. काकांच्या वहीवरून निघत होते 240. हॉस्टेलच्या प्रामाणिकपणाचं मोजमाप इतकं अचूक पुन्हा कधी मिळेल असं वाटत नाही. शेवटी कमिटीने सगळ्यांना एकाच प्रमाणात कात्री लावली. एफ.ई.चा एक मुलगा डेंग्यू होऊन खरोखर 11 दिवस घरी होता, त्याला 8 दिवसांचे पैसे मिळाले. तो काही बोलला नाही, पण पुढचे दोन महिने काउंटरवर आम्ही दिसलो की दुसऱ्या रांगेत जायचा. भांडला असता तर बरं झालं असतं.

आता मुद्द्याकडे येऊ. तो डेटा नक्की होता कुठे?

वेब पान म्हणजे मुळात पाहुणा. त्याला तुमच्या फोनच्या फाइलींना मनासारखा हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर कुठल्याही साइटवर गेलं की आपले फोटो चोरीला. पण पाहुण्याला थोडं सामान ठेवायला जागा लागतेच. पहिली सोय कुकीची. 1994 मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुली याने ती काढली. कुकी म्हणजे चिठ्ठी, साधारण 4 केबीची. गंमत अशी की ही चिठ्ठी प्रत्येक वेळी सर्व्हरकडे जाताना सोबत न्यावी लागते. लॉगिनची ओळख ठेवायला ठीक, पण मेसची वही कोणी प्रत्येक फेरीला खांद्यावर घेऊन फिरत नाही.

त्यानंतर आलं लोकलस्टोरेज, आणि आम्ही नेमकं तेच वापरलं होतं. का? सोपं म्हणून. एका ओळीत ठेवायचं, एका ओळीत काढायचं. प्रत्येक साइटला साधारण 5 एमबी जागा. त्यात फक्त मजकूर बसतो, म्हणजे आपली यादी जेसनमध्ये कोंबून एक लांबलचक ओळ करायची आणि ठेवून द्यायची. एक नोंद बदलायची तरी अख्खी ओळ बाहेर काढा, सोडा, बदला, परत कोंबा. शिवाय हे काम चालू असताना पान थिजतं, कारण लोकलस्टोरेज लिहून होईपर्यंत बाकी सगळ्यांना थांबवून ठेवतं. थोड्या नोंदींना कळत नाही, वाढल्या की जाणवतं. सगळ्यात वाईट म्हणजे तेच पान दोन टॅबमध्ये उघडं असेल तर दोघे जुनी ओळ वाचतात, दोघे आपापली भर घालतात, आणि जो नंतर लिहितो तो पहिल्याची नोंद पुसून टाकतो. आमच्या दहाबारा नोंदी अशा आधीच गेल्या असाव्यात. 23 तारखेच्या मोठ्या आपत्तीत ही छोटी चोरी झाकली गेली. थीमचा रंग, भाषा, फाँट लक्षात ठेवायला लोकलस्टोरेज उत्तम. ज्यावर कोणाचे पैसे अवलंबून आहेत ते तिथे ठेवू नये.

मोठा डेटा ब्राउझरमध्ये ठेवायचे प्रयत्न तसे जुनेच. 2007 मध्ये गूगलने गिअर्स नावाचं प्लगइन आणलं, आत चक्क एसक्यूलाइटचा डेटाबेस. पुढे वेब एसक्यूएल आलं, आपल्या डीबीएमएसच्या लॅबसारखं सिलेक्ट-इन्सर्ट थेट ब्राउझरमध्ये. ऐकायला किती छान! पण ते करणारे सगळेच ब्राउझर आतून एसक्यूलाइटच वापरत होते. प्रमाण ठरायला एकाच गोष्टीच्या निरनिराळ्या स्वतंत्र रचना हव्यात, आणि इथे तर सगळ्यांनी एकाच मुलाचं जर्नल उतरवलेलं. त्यामुळे 2010 मध्ये डब्ल्यूथ्रीसीने ते काम थांबवलं. फायरफॉक्सने ते कधी घेतलंच नाही, सफारीने आणि पुढे क्रोमनेही काढून टाकलं. जुन्या ट्युटोरियलमध्ये अजून भेटतं, म्हणून सावध केलं.

टिकलं ते इंडेक्स्ड-डीबी. 2011 च्या सुमारास ब्राउझरमध्ये यायला लागलं आणि 2015 मध्ये त्याला डब्ल्यूथ्रीसीची पक्की मान्यता मिळाली. पहिल्यांदा बघाल तर डोकं धराल. साधी एक नोंद ठेवायची तर डेटाबेस उघडा, व्यवहार सुरू करा, स्टोअर मागा, विनंती टाका, उत्तराची वाट पाहा. आम्हीही आधी याच्याकडे पाठ फिरवली ती याच कारणाने. पण ही सगळी कटकट आमच्याच भल्याची होती हे नंतर पटलं.

पहिलं म्हणजे ते पानाला अडवून ठेवत नाही. काम मागे चालतं, झालं की कळवतं. दुसरं, प्रत्येक नोंद वेगळी राहते आणि हवं तसं इंडेक्स लावता येतं. तारखेवर लावा, खोली नंबरवर लावा, 'पाठवायची बाकी' या खुणेवर लावा. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्यवहार. डीबीएमएसच्या तासाला बँकेचं उदाहरण देऊन सर जे सांगतात तेच: एकतर सगळं होईल, नाहीतर काहीच नाही. दोन टॅबमधून एकाच स्टोअरवर लिहायचे दोन व्यवहार आले तर एक थांबतो, दुसरा संपल्यावर पुढे जातो. नोंद आधी वाचून मग बदलणं हे दोन्ही एकाच व्यवहारात केलं की आमची ती टॅबची चोरी इथे होत नाही.

एका खड्ड्यात मात्र आम्ही दोन रात्री पडून होतो. हा व्यवहार फार अधीर असतो. त्याच्याकडे पुढची विनंती नसली की तो स्वतःहून संपतो. आम्ही काय करत होतो? व्यवहार उघडायचा, एक नोंद वाचायची, मग सर्व्हरकडे ती पाठवून उत्तर यायची वाट बघायची, आणि उत्तर आलं की त्याच व्यवहारात 'पाठवली' अशी खूण करायची. तोपर्यंत व्यवहार केव्हाच संपलेला. एरर अशी की कोड बघून काही केल्या उलगडा होत नाही, कारण एकेक ओळ सुटी सुटी बरोबरच दिसते. उपाय साधा आहे. वाचायचा व्यवहार वेगळा, तो संपू द्या, मग सर्व्हरशी बोला, उत्तर आल्यावर खूण करायला नवा व्यवहार उघडा. सर्व्हरची वाट बघणं व्यवहाराच्या आत आणायचंच नाही.

दुसरी बारीक गोष्ट. व्यवहार पूर्ण झाल्याचा निरोप मिळतो तेव्हा डेटा ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती गेलेला असतो, पण डिस्कवर प्रत्यक्ष उतरलाच असेल असं नाही. वेगासाठी फायरफॉक्स अनेक वर्षं असं करतो, 2024 पासून क्रोमनेही हेच धोरण घेतलं. नेमक्या त्या क्षणी फोनची बॅटरी बाहेर पडली तर शेवटची नोंद जाऊ शकते. व्यवहार उघडताना 'स्ट्रिक्ट' असं सांगितलं तर ब्राउझर डिस्कपर्यंत पोचायची वाट बघतो. आमचा फोन पडला की बॅटरी वेगळी आणि झाकण वेगळं होणारा, त्यामुळे आम्ही सांगतो.

इथपर्यंत फक्त डेटाची गोष्ट झाली. पण खुद्द पान? आमच्या पहिल्या आवृत्तीत टॅब चुकून बंद झाला की नेट नसल्याने पान उघडायचंच नाही, आणि कोणीतरी फोन घेऊन जिना चढायचा. मागे अ‍ॅपकॅश नावाचा एक उपाय होता, फाइलींची यादी द्यायची आणि ब्राउझर त्या जपून ठेवायचा. पण त्याचे नियम इतके हट्टी की लोक त्याला वैतागले, आणि 2021 पर्यंत मोठ्या ब्राउझरांनी त्याला निरोप दिला. आता त्या जागी सर्व्हिस वर्कर आहे. क्रोममध्ये तो 2015 ला, फायरफॉक्समध्ये 2016 ला आणि सफारीत 2018 ला आला. ही तुमचीच एक जावास्क्रिप्ट फाइल, पण ती पान आणि नेट यांच्या मधे दारात बसते. पानाने काहीही मागितलं की आधी हिच्याकडे. ही ठरवणार, कपाटातलं द्यायचं की बाहेरून आणायचं. आमचं पान, चित्रं आणि मुलांची यादी ती कपाटातून देते, त्यामुळे तळघरातही पान झटकन उघडतं.

दोन इशारे. सर्व्हिस वर्कर एचटीटीपीएसवरच चालतो. अपवाद फक्त आपल्या स्वतःच्या मशीनचा, म्हणजे लोकलहोस्टचा. म्हणून लॅपटॉपवर मस्त चालतं आणि कॉलेजच्या साध्या आयपी पत्त्यावर टाकलं की ढिम्म. निम्मी प्रोजेक्टं इथेच अडत असतील. आणि दुसरा, नवी आवृत्ती टाकलीत तरी जुना वर्कर त्याचे सगळे टॅब बंद होईपर्यंत जागा सोडत नाही. आम्ही एक चूक दुरुस्त केली आणि तीन दिवस ती फोनवर दिसतच होती, कारण काउंटरवरचा तो टॅब कोणी बंदच करत नव्हतं.

आता परत 23 तारखेकडे. इंडेक्स्ड-डीबी असतं तर आमचा डेटा वाचला असता का? अजिबात नाही! हे नीट समजून घ्या, कारण आम्हालाही उशिरा समजलं. क्लिअर करायच्या पाटीवर साधारण असे चौकोन असतात: हिस्टरी, कुकीज आणि साइट डेटा, आणि कॅश केलेली चित्रं-फाइली. शेवटच्यावर टिक केली तर आपला डेटा सुरक्षित राहतो. मधल्यावर केली की लोकलस्टोरेज, इंडेक्स्ड-डीबी, सर्व्हिस वर्करचं कपाट, सगळं साफ. ब्राउझर कधी विचारत नाही की बाबा, यात मेसचा हिशेब आहे, टाकू का?

आणि माणसाने हात लावला नाही तरी धोका आहेच. जागा भरपूर मिळते हो; सध्या क्रोम एका साइटला डिस्कच्या 60 टक्क्यांपर्यंत जाऊ देतो, फायरफॉक्स डिस्कच्या 10 टक्के किंवा 10 जीबी यातलं जे कमी असेल तेवढं. पण ही जागा हॉस्टेलच्या खोलीसारखी आहे. अलॉट झाली म्हणून मालकीची झाली नाही. डिस्क भरत आली की ब्राउझर सगळ्यात जास्त दिवस न वापरलेल्या साइटचं बिऱ्हाड उचलतो, आणि उचलतो ते अख्खंच, अर्धं ठेवून अर्धं टाकणं नाही. सफारीचा नियम आणखी कडक. 2020 पासून, तुम्ही सफारी वापरत राहिलात आणि त्यातले सात दिवस एखाद्या साइटला हातच लावला नाही, तर त्या साइटने स्क्रिप्टने साठवलेलं सगळं तो काढून टाकतो. हा नियम आपला माग काढणाऱ्या जाहिरातवाल्यांसाठी केला, पण सापडतात आपल्यासारखे. दिवाळीच्या सुटीत आयफोनवाल्यांचं काय झालं असतं बघा. हां, पान होम स्क्रीनवर टाकून तिथून वापरलं तर हा सात दिवसांचा नियम लागत नाही. इनकॉग्निटोबद्दल तर बोलायलाच नको, खिडकी बंद की खेळ खलास.

यावर एक अर्ज करता येतो. पर्सिस्ट नावाची विनंती पानातून ब्राउझरला करायची: माझा डेटा जागेच्या टंचाईत उचलू नका. फायरफॉक्स माणसाला विचारतो. क्रोम कोणाला न विचारता, ही साइट किती वापरात आहे, इन्स्टॉल केलीय का, वगैरे बघून स्वतःच हो किंवा नाही ठरवतो. उत्तर काय आलं ते तपासा, गृहीत धरू नका. आणि 'हो' आलं तरी ते ब्राउझरच्या आपोआप झाडझुडीपुरतं. माणसाने स्वतः क्लिअर मारलं तर रूममेटपुढे कोणाचं चालत नाही.

अजून एक प्रकार, डेटा शाबूत पण सापडत नाही. ब्राउझर खोली देतो ती साइटच्या पत्त्यावर: प्रोटोकॉल, नाव आणि पोर्ट, तिन्ही मिळून. एचटीटीपीचं एचटीटीपीएस केलं, किंवा पोर्ट 8080 चा 80 केला, की ब्राउझरच्या मते ही वेगळी साइट, नवी रिकामी खोली. जुनी खोली तशीच कुलूपबंद. आम्ही पत्ता बदलला तेव्हा यादी रिकामी बघून पुन्हा काळजात धस्स झालं होतं. जुना पत्ता परत चालू करून नोंदी काढून घेतल्या.

म्हणजे फोनमधली नोंद ही 'झालेली' नोंद नव्हेच, ती फक्त वाटेत असलेली नोंद आहे. ती किती लवकर आणि किती खात्रीने सर्व्हरवर पोचते हाच खरा प्रश्न. आमची चूक लोकलस्टोरेज वापरणं ही दुय्यम. तीन आठवडे पाठवलंच नाही ही पहिली.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. प्रत्येक खाडा ही एक स्वतंत्र नोंद: कोण, कुठल्या तारखेचा, सकाळ की संध्याकाळ, फोनच्या घड्याळात किती वाजले. खाडा रद्द केला तर जुनी नोंद खोडत नाही, रद्द केल्याची नवी नोंद घालतो, किराणा दुकानदाराच्या वहीसारखं. एकूण आकडा कुठेच साठवत नाही, तो सर्व्हर नोंदींवरून काढतो. 'अमक्याचा खाडा = 3' असं साठवलं की दोन फोनमधून दोन वेगळे आकडे येतात आणि खरा कुठला ते देव जाणे. नोंदी असतील तर दोन्हीकडच्या नुसत्या एकत्र होतात.

नोंद बनतानाच फोन तिला एक भलामोठा यादृच्छिक क्रमांक देतो. का? समजा नोंद सर्व्हरला पोचली, पण 'मिळाली' हे उत्तर येता येता जिन्यात रेंज गेली. फोनला वाटतं गेलीच नाही, तो परत पाठवतो. क्रमांक नसता तर एका खाड्याचे दोन झाले असते. आता सर्व्हर क्रमांक बघतो आणि म्हणतो, ही आहे माझ्याकडे, पुढची बोल. उत्तर आल्याशिवाय फोन ती नोंद 'बाकी'मधून काढत नाही.

नेट आहे की नाही हे कसं ओळखायचं? ब्राउझरमध्ये ऑनलाइन सांगणारी एक खूण आहे, तिच्यावर विसंबू नका. वायफायला जोडलेलं आहे एवढंच ती सांगते. आपल्या हॉस्टेलच्या वायफायला लॉगिन केलेलं नसलं तरी ती छाती ठोकून 'ऑनलाइन' म्हणते. ती 'नाही' म्हणाली तर खरं मानावं, 'हो' म्हणाली तर पाठवून बघावं. पान बंद असतानाही मागच्या मागे पाठवायची सोय क्रोम आणि त्याच्या भावंडांत आहे, सफारी-फायरफॉक्समध्ये नाही, म्हणून पान उघडलं की आणि दर दोन मिनिटांनी आम्ही स्वतःच प्रयत्न करतो. फोनच्या घड्याळावरही भरवसा नाही (आमचा फोन एकदा बॅटरी संपून थेट जुन्या सालात गेला होता), त्यामुळे सर्व्हर स्वतःची वेळही प्रत्येक नोंदीला लावतो.

पानाच्या डोक्यावर आता मोठ्या अक्षरात दिसतं: 'पाठवायच्या बाकी: 7'. रात्रीचं जेवण आटोपलं की सेक्रेटरी फोन घेऊन चौथ्या पायरीवर उभा राहतो आणि तो आकडा शून्य झाल्याशिवाय खाली ठेवत नाही. तेवढ्यासाठी खाली एक वायफाय पॉइंट द्यावा म्हणून अर्ज केलाय; तो अजून 'पाठवायच्या बाकी'तच आहे.

आणि हो, तो फोन कोणीही हातात घेऊ शकतो, ज्याला डेव्हलपर टूल्स माहीत आहेत तो आतल्या नोंदी उघड्या वाचू शकतो. म्हणून त्यात नाव नाही, फक्त मेस नंबर. पासवर्ड तर नाहीच नाही.

पहिल्या महिन्याचा हिशेब बोर्डावर लावला तेव्हा आम्ही तिघे लपूनच होतो. सर्व्हरचा एकूण आकडा आणि काकांच्या वहीतली ताटं यांत दोन ताटांचा फरक निघाला. काकांनी चष्मा लावून वही पुन्हा बघितली आणि म्हणाले, "रविवारची फीस्ट. दोन पाहुणे लिहायचे राहिले माझे." वही ते अजून लिहितात. आम्हीच सांगितलंय, बंद करू नका.